डोंगरी नदीतील रानबदके आणि त्यांचे छायाचित्रण



रानबदक म्हटले की बहुतेकांच्या मनासमोर एखादा विस्तीर्ण, संथ जलाशय उभा राहतो. कमळाची पाने, काठावरचे लव्हाळे आणि मधोमध तरंगणारा पक्ष्यांचा थवा, हे चित्र खरे आहे. परंतु ते पुरे नाही. बदकांच्या काही जातींना साचलेल्या पाण्यापेक्षा वाहते पाणी अधिक मानवते. खडकांतून वाट काढणारा प्रवाह, पावसाळा सरल्यावर उघडी पडणारी वाळूची बेटे आणि चोहोबाजूंना मोकळी नजर पोहोचेल असे पात्र, हेच त्यांचे घर होय. अशा नदीवर राहणाऱ्या बदकाचे छायाचित्र घेणे ही तळ्यावरच्या छायाचित्रणाहून निराळी विद्या आहे. प्रस्तुत व्याख्यानात त्या विद्येचा विचार रायपूरच्या परिसराच्या आधारे करावयाचा आहे.

जगाच्या पाठीवर खऱ्या अर्थाने डोंगरी प्रवाहात राहणारी बदके फार थोडी आहेत. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या फेसाळत्या ओढ्यांत टॉरेंट डक नावाचे बदक राहते. न्यूझीलंडच्या डोंगराळ नद्यांत तेथील माओरी लोक ज्याला ‘व्हिओ’ म्हणतात ते निळसर बदक आढळते आणि त्या देशाच्या दहा डॉलरच्या नोटेवर त्याचे चित्रही आहे. आइसलंडच्या वेगवान नद्यांत हार्लेक्विन बदक घरटे करते. आपल्याकडे हिमालयाच्या पायथ्याशी, तीस्ता किंवा रामगंगा यांसारख्या नद्यांवर, हिवाळ्यात मर्गान्सर उतरतो. त्याच्या चोचीला करवतीसारखे दाते असतात आणि त्यांच्या साहाय्याने तो वाहत्या पाण्यात बुडी मारून मासे पकडतो. मध्य भारतातील नद्यांना हिमालयाचा तो उतार नाही. तथापि नदी डोंगरातून बाहेर पडून जेथे वाळू पसरू लागते, तेथे येथेही एक देखणे बदक हिवाळा काढण्यासाठी येते. ते म्हणजे चक्रवाक. इंग्रजी अमदानीतील शिकारी त्याला ब्राह्मणी बदक म्हणत. हिंदी भाषक त्याला चकवा आणि सुरखाब या नावांनी ओळखतात.

या पक्ष्याचे छायाचित्र घेऊ इच्छिणाऱ्याने प्रथम नदी ओळखली पाहिजे. महानदी धमतरी जिल्ह्यात, नगरीजवळच्या सिहावाच्या डोंगरात उगम पावते. तिची एकूण लांबी सुमारे ८५० किलोमीटर असून ओडिशा ओलांडून ती बंगालच्या उपसागराला मिळते. उगमानंतर ती काही अंतर पश्चिमेकडे जाते, मग वळून उत्तरेची वाट धरते आणि राजिम येथे पैरी व सोंढूर या नद्यांचे पाणी तिला मिळते. राजिम रायपूरपासून सुमारे ४५ किलोमीटरांवर आहे. तेथे नदीच्या पात्रातच कुलेश्वराचे मंदिर उभे आहे. पावसाळ्यात या मंदिराच्या चौथऱ्याभोवती पाणी चढते. हिवाळ्यात त्याच ठिकाणी वाळूतून पायी चालत जाता येते. एकाच पात्राची ही दोन रूपे ज्याने पाहिली आहेत, त्याला चक्रवाक ऑक्टोबरनंतरच का दिसू लागतो याचे उत्तर अर्धेअधिक मिळालेले असते.

उरलेले उत्तर उत्तरेकडे शोधावे लागते. चक्रवाक लडाख, तिबेट आणि मध्य आशियाच्या उंच पठारांवर वीण करतो. कड्यांच्या कपारीत किंवा मातीच्या बिळात, कधीकधी पाण्यापासून बऱ्याच अंतरावर, मादी अंडी घालते आणि सुमारे चार आठवडे ती उबवते. पठारावरचे पाणी गोठू लागले की हे पक्षी दक्षिणेकडे निघतात. उपग्रहाद्वारे चक्रवाकांच्या प्रवासाचा माग ठेवणारा एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात हे पक्षी हिमालय ओलांडताना ६,८०० मीटर उंचीपर्यंत गेल्याचे आढळून आले. म्हणजे महानदीच्या वाळूवर उन्हात पंख साफ करीत बसलेला दीड किलो वजनाचा हा पक्षी जगातील सर्वांत उंच पर्वतरांग पार करून आलेला असतो आणि मार्चएप्रिलमध्ये त्याला तीच वाट पुन्हा चालावयाची असते. येथील चारपाच महिने ही त्याची सहल नव्हे. ती परतीच्या प्रवासाची शिदोरी बांधण्याची मुदत आहे. छायाचित्रकाराने पाळावयाचे बहुतेक सर्व नियम या एका गोष्टीतून निघतात.

नारिंगी-तांबूस अंग, फिकट मलईसारखे डोके, काळी शेपटी आणि उडताना एकाएकी चमकून जाणारे पांढरे पंख, अशी याची ओळख. विणीच्या दिवसांत नराच्या गळ्याभोवती काळी कडी उमटते. पक्षी बहुधा जोडीने राहतो आणि फार सावध असतो. वाळूच्या टोकाशी बसलेल्या एका जोडीने सूर काढला की त्या पट्ट्यातील सारे पाणपक्षी माना वर करतात. शिकारीच्या काळात बंदूकधाऱ्यांना हा पक्षी नकोसा वाटे तो याचसाठी. खाण्याच्या दृष्टीने त्याचे मांस कोणाला आवडत नसे, आणि ज्यांची शिकार हवी त्या बदकांना मात्र तो आधीच सावध करून सोडी.

संस्कृत कवींनी याच सावध हाकेला विरहाचा अर्थ दिला. दिवसभर एकत्र असलेली जोडी रात्री नदीच्या दोन काठांना अंतरते आणि पहाटेपर्यंत एकमेकांना हाका मारीत राहते, असा संकेत आहे. मेघदूतातील यक्ष आपल्या पत्नीच्या एकाकीपणाला चक्रवाकीचीच उपमा देतो. त्या काव्यातील रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक, असे वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादन केले. सरगुजातील रामगढ हाच रामगिरी असेही एक मत आहे. यांपैकी कोणतेही मत ग्राह्य धरले, तरी कवीने कल्पिलेला यक्ष हा प्रदेश पाहत होता, असे म्हणता येते. कविसंकेताच्या मुळाशी निरीक्षणही आहे. चक्रवाक पुष्कळदा रात्री चरतात. चरताना जोडीदार एकमेकांपासून दूर जातात आणि अंधारात संपर्क राखण्यासाठी आवाज देतात. दिवसा मात्र ते वाळूवर विश्रांती घेतात. छायाचित्रकार ज्या वेळी येतो ती त्यांच्या विश्रांतीची वेळ असते, हे लक्षात ठेवावयास हवे.

नदीवर चक्रवाक एकटाच नसतो. चोचीच्या टोकाशी पिवळा आणि मुळाशी लाल ठिपका असलेले हळदी-कुंकू बदक येथे बारमाही राहते. नदीच्या खोलगट डोहांत ते जोडीने चरताना दिसते. चक्रांग, थापट्या, तलवार बदक, गडवाल हे हिवाळी पाहुणे मात्र धरणांच्या फुगवट्यात आणि तळ्यांत अधिक. छत्तीसगड हा धानाचा प्रदेश असल्यामुळे गावोगावी तलाव आहेत. अडई आणि काणूक ही लहान बदके त्यांच्या आधाराने वर्षभर राहतात. बेमेतरा जिल्ह्यातील गिधवा-परसदा येथील तलावांवर हिवाळी पाणपक्षी मोठ्या संख्येने उतरतात; तेथे २०२१ साली पक्षी महोत्सवही भरला. बिलासपूर जिल्ह्यातील कोपरा जलाशयाला डिसेंबर २०२५ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. छत्तीसगडमधील ते पहिले रामसर स्थळ होय. महाराष्ट्राच्या बाजूला, गोंदिया जिल्ह्यातील नवेगावबांध हा याच तळ्यांच्या पट्ट्याचा भाग आहे. तेथील पक्षिजीवनाची ओळख मारुती चितमपल्ली यांच्या लेखनातून मराठी वाचकांना झाली. तळ्यांकडे अशा प्रकारे लक्ष गेले, ही आनंदाची गोष्ट आहे. नदीकडे मात्र पक्ष्यांचे घर म्हणून क्वचितच पाहिले जाते, आणि म्हणून नदीवरच्या छायाचित्राचे मोल अधिक आहे.

आता छायाचित्रणाकडे वळू. रानपक्ष्यांच्या छायाचित्रणाचा इतिहास फार जुना नाही. रिचर्ड आणि चेरी कीर्टन या इंग्रज बंधूंनी १८९२ साली अंड्यांसह घरट्याचे छायाचित्र घेतले आणि पुढे पक्ष्यांजवळ जाण्यासाठी बैलाच्या पोकळ सोंगात शिरण्यापर्यंत मजल मारली. आपल्या देशात सिंगापूरचे उद्योगपती लोक वान थो यांनी सालिम अली यांच्या सहवासात पक्ष्यांची छायाचित्रे घेतली. त्यांचे पुस्तक १९५७ साली प्रसिद्ध झाले. मद्रासचे एम. कृष्णन यांनी कृष्णधवल छायाचित्रांतून प्राण्याला त्याच्या परिसरासह दाखविण्याचा आग्रह धरला. नदीवरच्या बदकांच्या बाबतीत हाच आग्रह सर्वांत उपयुक्त ठरतो. त्याचे कारण साध्या गणिताने समजू शकेल.

चक्रवाकाची लांबी सुमारे ६५ सेंटिमीटर असते. शंभर मीटर अंतरावर बसलेल्या पक्ष्यावर ४०० मिलिमीटरचे दूरदर्शी भिंग रोखले, तर ३६ मिलिमीटर रुंदीच्या चौकटीत त्याची प्रतिमा अवघी अडीच मिलिमीटरांच्या आसपास भरते, म्हणजे चौकटीच्या चौदाव्या हिश्श्याइतकी. अंतर निम्मे केले तर ती दुप्पट होईल. नवशिक्या छायाचित्रकाराचे पाऊल येथेच पुढे पडते. उघड्या वाळूवर चालत येणारा माणूस पक्ष्याला फार दुरून दिसतो. प्रत्येक पावलागणिक प्रतिमा किंचित वाढते आणि पक्षी उडण्याचा क्षण मात्र झपाट्याने जवळ येतो. शेवटी हाती लागते ते दूर जाणाऱ्या शेपट्यांचे छायाचित्र. अनुभवी माणूस हेच गणित उलट दिशेने मांडतो. पक्षी चौकटीच्या चौदाव्या हिश्श्यात मावणार असेल, तर उरलेल्या तेरा हिश्श्यांत काय असावे याचा तो विचार करतो. तेथे प्रवाहाची वळलेली रेघ असते, ओल्या आणि कोरड्या वाळूची सीमा असते, मागे सालवनाने झाकलेला डोंगर असतो. पक्षी लहान दिसतो. पण तो कोठे आहे, कसा राहतो आणि त्याला काय लागते, हे सारे त्या चौकटीत येते.

अशा छायाचित्रासाठी प्रकाश आणि वारा या दोघांची मर्जी सांभाळावी लागते. धमतरीपासून राजिमपर्यंत नदी साधारणतः उत्तरेकडे वाहते, म्हणून तिचे काठ पूर्व आणि पश्चिम असे पडतात. सकाळी पूर्वेच्या, म्हणजे उजव्या काठावर बसलेल्याच्या पाठीशी सूर्य असतो. बसलेला पक्षी बहुधा वाऱ्याकडे तोंड करतो, तसाच उडतो आणि उतरतोही वाऱ्याच्या दिशेने. हिवाळ्यात या भागातील वारा पुष्कळदा उत्तरेकडून किंवा ईशान्येकडून येतो. त्यामुळे पूर्व काठावर वाराही पाठीशी राहतो आणि पक्ष्याचे तोंड छायाचित्रकाराकडे वळते. दुपारनंतर सूर्य पलीकडे जातो. मग पक्ष्यामागे धावण्यापेक्षा त्या दिवसाचे काम थांबविणे श्रेयस्कर.

डिसेंबरजानेवारीत पहाटे पाण्यावर धुके असते. ते विरल्यानंतर दीडदोन तास प्रकाश मऊ असतो. पुढे वाळू तापू लागते, हवा थरथरते आणि कितीही महागडे भिंग असले तरी कडा विरघळल्यासारख्या दिसतात. वाळूचा आणखी एक दोष आहे. तिच्या उजेडाने प्रकाशमापक फसतो. तो वाळूला राखाडी आणि पक्ष्याला काळपट करून ठेवतो. म्हणून प्रकाश थोडा वाढवून घ्यावा लागतो. परंतु तो फार वाढविला तर चक्रवाकाच्या फिकट डोक्यावरचा सूक्ष्म रंग पुसला जातो. उडत्या पक्ष्यासाठी सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकी किंवा त्याहूनही झटपट उघडझाप हवी. वाहत्या पाण्याची गती दाखवावयाची असेल तर ती मंद करावी लागते आणि मग तिपाईशिवाय भागत नाही. पक्षी स्वस्थ बसलेला आणि पाणी धावणारे, असे छायाचित्र फक्त नदीच देऊ शकते.

लपण्यासाठी फार खटाटोप लागत नाही. काठावरची झुडपे, पुराने आणून टाकलेला ओंडका किंवा मातकट रंगाच्या कापडाचा बुटका आडोसा पुरतो. महत्त्वाचे असते ते वेळेवर पोहोचणे. सूर्योदयापूर्वी, अंधारातच जाऊन बसावे. पक्षी चरून परततील तेव्हा माणूस आधीच त्या जागेचा भाग झालेला असावा. परत जाण्यासाठीही पक्षी आपण होऊन दुसरीकडे सरकण्याची वाट पाहावी. याबाबतीत नदीकाठचे केवट आणि ढीमर हे उत्तम गुरू होत. पक्षी कोणत्या वळणावर उतरतात, पाणी सुटले की कोणते बेट आधी बुडते, हे त्यांना रोजच्या व्यवहारातून ठाऊक असते. त्यांचा डोंगा पक्ष्यांच्या सवयीचा असतो. संथपणे वाहत जाणाऱ्या डोंग्याकडे पक्षी जितके दुर्लक्ष करतात, तितके ते वाळूवर उभ्या असलेल्या माणसाकडे कधीच करीत नाहीत. अर्थात डोंगा थेट पक्ष्यांच्या रोखाने वळविला, की ती सवय एका दिवसात मोडते.

पक्षी उडण्यापूर्वी पुरेशी सूचना देतो. प्रथम पंखांत खुपसलेली चोच बाहेर येते. मग मान उंच होते, शेजारचे पक्षीही माना ताणतात, कोणीतरी आवाज देतो आणि थवा पाण्याकडे चालू लागतो. मान उंच होताच जागच्या जागी थांबावे. आवाज ऐकू आला तर मागे सरावे. उडालेला थवा एक चक्कर मारून पुन्हा बसला, तर काही बिघडले नाही असे वाटते. पण त्या चकरेत खर्च झालेली शक्ती चरून भरून काढावी लागते आणि चुकलेली विश्रांती परत मिळत नाही. दिवसात एक छायाचित्रकार आला तर पक्षी ते सोसू शकेल. दहा आले तर तो ती जागाच सोडून देईल. आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे आणि जागेची माहिती क्षणात सर्वत्र पोहोचते, त्यामुळे ही भीती केवळ कल्पनेतील नाही. ड्रोनचा वापर तर टाळावाच. वरून येणारी वस्तू पाणपक्ष्याला शिकारी पक्ष्यासारखी भासते. मार्चपासून आणखी एक काळजी घ्यावी लागते. नदी टिटवी आणि नदी सुरय हे पक्षी उघड्या वाळूत अंडी घालतात, आणि ती वाळूत इतकी मिसळून जातात की पायाखाली आली तरी कळत नाहीत. चक्रवाक निघून जाण्याच्या सुमारास वाळूवर दुसऱ्यांचे घर मांडले जाते.

येथवरचे विवेचन छायाचित्र कसे घ्यावे याविषयी झाले. ते कशासाठी घ्यावे, हा प्रश्न त्याहून मोठा आहे. रायपूर पूर्वी ज्या मध्यप्रांतात होते, त्याची राजधानी नागपूर होती. नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाचे अभिरक्षक ई. ए. डी’अब्रू यांनी १९३५ साली त्या प्रांतातील पक्ष्यांची सूची प्रसिद्ध केली. अशा सूचीतून पक्ष्याचे नाव कळते आणि तो कोठे आढळला हे कळते. परंतु त्या वेळी नदीचे पात्र कसे होते, वाळू किती रुंद होती, काठावर झाडी होती की शेते, हे कळत नाही. ते सांगण्याची शक्ती छायाचित्रात आहे, मात्र त्यात पक्ष्याबरोबर नदीही असली पाहिजे.

आणि नदी बदलत आहे. सिलियारी नदीवरचे मुरूमसिल्ली धरण १९२३ साली पूर्ण झाले. दुधावा, गंगरेल आणि सोंढूर ही धरणे स्वातंत्र्योत्तर काळात, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभी राहिली. या पाण्यावर लक्षावधी लोकांची शेती पिकते. भिलाईचा पोलाद कारखाना आणि रायपूर शहर यांची तहानही गंगरेल भागविते. धरणांमुळे खोल पाण्यातील बदकांना नवे जलाशय मिळाले, हेही खरे. परंतु पुराबरोबर वाहून येणारी वाळू धरणांत अडते, आणि जी खाली उरते तिच्यावर बांधकामांची मागणी आहे. पात्रातून उपसलेली वाळू पुराने भरून येण्यापेक्षा अधिक वेगाने गेली, की बेटे लहान होतात आणि खड्ड्यांत पाणी साचते. वाळूत कलिंगडांच्या वाड्या करणाऱ्या कुटुंबांचेही त्यात नुकसान होते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली झाला आणि १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवाने संपुष्टात आले. त्यामुळे बंदुकीपासून चक्रवाकाचे रक्षण झाले. तथापि ज्या वाळूवर तो बसतो ती कायद्याच्या दृष्टीने गौण खनिज आहे. पक्षी सुरक्षित आणि त्याची बैठक असुरक्षित, अशी ही अवस्था आहे.

या अवस्थेत नुसते पक्ष्याचे देखणे व्यक्तिचित्र फारसे उपयोगी पडत नाही. तसे चित्र कोणत्याही नदीवरचे, किंबहुना प्राणिसंग्रहालयातीलही असू शकते. उपयोगी पडते ते एकाच जागेवरून, दरवर्षी त्याच महिन्यात घेतलेले साधे छायाचित्र. त्याच्या मागे तारीख, गावाचे नाव, कोणत्या दिशेला तोंड करून ते घेतले याची नोंद आणि दिसलेल्या पक्ष्यांची संख्या लिहिलेली असावी. पक्षी दिसले नाहीत तर तीही नोंद करावी आणि रिकाम्या वाळूचेही छायाचित्र ठेवावे. अशी दहा वर्षांची चित्रे एका रांगेत मांडली, की बेट किती झिजले, पाणी कोठे सरकले आणि थवा केव्हा कमी झाला, हे सांगण्यासाठी वादविवादाची गरज उरत नाही.

हे काम एखाद्या मोठ्या संस्थेवाचून अडत नाही. राजिम, धमतरी किंवा सिरपूर येथील एखादी शाळा, एखादे ग्रंथालय किंवा नदीकाठचा एखादा हौशी छायाचित्रकार ते सुरू करू शकेल. डिसेंबरातील एक पहाट, पूर्वेचा काठ, एक तिपाई आणि एक वही एवढी सामग्री पुरेशी आहे. मात्र एक कसोटी दर खेपेला लावावी. छायाचित्रकार उठून घरी निघाला, तेव्हा चक्रवाकाची जोडी त्याच बेटावर, चोच पंखांत खुपसून बसलेली असली पाहिजे.